विमानातील नोकरीचा हिशेब : वेतन, सेवाज्येष्ठता आणि संघटना

मध्यरात्र उलटून गेल्यावर सहार विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विमान कंपन्यांच्या लहान गाड्या धावताना दिसतात. आत इस्त्रीच्या गणवेशातील तरुण मुले-मुली बसलेली असतात. बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. घरून निघाल्यापासून विमानाची चाके हलेपर्यंत त्यांचे दोन-तीन तास सहज खर्ची पडतात. या वेळेचा पगाराशी नेमका संबंध काय, असे त्यांच्यापैकी कोणाला विचारले, तर उत्तराआधी बहुधा एक हसू मिळेल. पगाराच्या मोठ्या भागाचा हिशेब चाके हलल्यावरच सुरू होतो.

विमानातील नोकरीभोवतीचे वलय आता बरेच विरले आहे. तरीही या क्षेत्रात वेतन कसे ठरते, सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून माणसे न्यायालयापर्यंत का जातात आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला असतो, याविषयी सर्वसामान्य प्रवाशाला फारशी माहिती नसते. संप झाला, उड्डाणे रद्द झाली की तेवढ्यापुरती चर्चा होते. त्या चर्चेत ‘लाखांनी पगार घेणाऱ्यांना संप कशाला हवा?’ हा प्रश्न हमखास येतो. तो अगदीच गैर आहे असे नाही. मात्र त्याचे उत्तर पगाराच्या आकड्यात कमी आणि पगाराच्या रचनेत अधिक सापडते.

चाकांपासून चाकांपर्यंत

वैमानिक असो वा केबिन कर्मचारी, त्याच्या वेतनाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला दरमहा मिळणारा निश्चित पगार. दुसरा उड्डाणाच्या तासांनुसार मिळणारा भत्ता. तिसरा परगावी मुक्काम करावा लागला तर मिळणारा मुक्काम भत्ता, ज्याला या व्यवसायात ‘लेओव्हर’चे पैसे म्हणतात. यातील दुसरा भाग सर्वांत कळीचा आहे. उड्डाणाचे तास मोजण्याची रीत जगभर साधारण सारखीच आहे. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि मुक्कामाच्या जागी थांबल्यावर बंद होते. या वेळेला ‘ब्लॉक अवर्स’ म्हणतात. प्रवाशांना आत घेणे, सामान वरच्या कप्प्यात बसवून देणे, सुरक्षेची तपासणी, धुक्यामुळे खोळंबलेल्या विमानतळावर ताटकळणे, हे सारे त्या घड्याळाबाहेर राहते. धुक्याने विमान चार तास रखडले तर प्रवाशांचे चार तास वाया गेले, हे सर्वांना दिसते. त्याच चार तासांत प्रवाशांचा राग झेलणाऱ्या कर्मचाऱ्याचा उड्डाण भत्ता सुरूच झालेला नसतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही तक्रार केवळ भारतातील नाही. अमेरिकेत डेल्टा कंपनीने २०२२ मध्ये प्रवासी विमानात चढत असतानाच्या वेळेसाठी निम्म्या दराने पैसे देण्यास सुरुवात केली, तेव्हा ती तेथे बातमी ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांच्या प्रमुख मागण्यांत जमिनीवरच्या विनामोबदला कामाचे पैसे ही मागणी होती. तेथील सरकारने त्यांना कामावर परतण्यास फर्मावले आणि संघटनेने तो हुकूम झुगारला. अखेर तीन-चार दिवसांत वाटाघाटींतून तोडगा निघाला.

उड्डाणाच्या तासांवर कमाई अवलंबून असली, की तास मिळणे आणि न मिळणे यावर संसाराचा जमाखर्च ठरतो. म्हणून कंपन्या काही तासांची हमी देतात. तेवढे तास उड्डाण झाले नाही, तरी तितका भत्ता मिळतो. ही हमी किती तासांची असावी, हा गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठा झगडा आहे. टाटा समूहाकडे आल्यावर एअर इंडियाने २०२३ मध्ये वैमानिकांपुढे नवे करार ठेवले. पूर्वी ७० तासांची असलेली हमी त्यात ४० तासांवर आली होती. वैमानिकांच्या दोन्ही जुन्या संघटनांनी त्याला विरोध केला. पुढे विस्तारा कंपनीतही विलीनीकरणाच्या तयारीसाठी हीच रचना लागू होऊ लागली. त्यानंतर एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात विस्ताराची अनेक उड्डाणे वैमानिकांअभावी रद्द झाली. भरपूर उड्डाण करणाऱ्याला नव्या रचनेत तोटा नाही, असा कंपनीचा दावा होता. तो हिशेबापुरता चुकीचाही नव्हता. मात्र आजारी पडलेल्या, प्रशिक्षणाला गेलेल्या किंवा विमानेच उभी राहिल्याने घरी बसलेल्या वैमानिकाचा हिशेब निराळा होतो, आणि हमी असते ती नेमकी अशाच महिन्यांसाठी.

गर्भवती झालेल्या कर्मचारी महिलेची अडचण याहून वेगळ्या जातीची आहे. वैद्यकीय नियमांनुसार तिला उड्डाणावर जाता येत नाही. उड्डाण नाही म्हणून उड्डाण भत्ता नाही, अशा सरळ तर्काने तिची मिळकत नेमकी खर्च वाढण्याच्या काळात घटते. जमिनीवरचे काम मिळाले तरी त्यात तासांचा भत्ता नसतो.

पस्तिशीतील निवृत्ती

भारतीय विमान कर्मचाऱ्यांच्या लढ्यांपैकी सर्वांत दूरगामी लढा पगाराचा नव्हता. वय, विवाह आणि मातृत्व यांचा होता. १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स ही दोन महामंडळे उभी राहिली. एअर इंडियाच्या सेवानियमांत हवाई सुंदरीच्या निवृत्तीबाबत असे कलम होते, की वयाची ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तिने नोकरी सोडावी. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल, तर वयाच्या ४५ पर्यंत मुदतवाढ मिळू शकत असे. त्याच विमानात, तोच ट्रे हातात घेऊन काम करणारा पुरुष फ्लाइट पर्सर मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होई.

नर्गेश मीरझा आणि इतर हवाई सुंदरींनी या नियमांना आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८१ मध्ये दिलेला निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. मात्र त्याचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला आहे. पहिल्या गर्भारपणी नोकरी संपवण्याची अट न्यायालयाने मनमानी ठरवून रद्द केली. मुदतवाढीचा संचालकांचा अनिर्बंध अधिकारही रद्द केला. हा झाला लक्षात राहिलेला भाग. चार वर्षांपर्यंत विवाह न करण्याची अट मात्र न्यायालयाने योग्य ठरवली. मुलगी थोडी प्रगल्भ होऊन विवाह करेल आणि कुटुंबनियोजनालाही हातभार लागेल, अशा आशयाचे कारण त्यासाठी दिले गेले. पुरुष आणि स्त्रिया हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यांची भरती, बढती आणि सेवाशर्ती निराळ्या आहेत, म्हणून त्यांच्यातील फरक हा भेदभाव ठरत नाही, अशी भूमिकाही न्यायालयाने घेतली. मुळात हे संवर्ग वेगळे केले होते कंपनीनेच. स्वतः आखलेली रेघ दाखवून ‘पाहा, या दोन बाजू वेगळ्या आहेत’ असे म्हणण्याचाच हा प्रकार होता, असे आज वाचताना वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढे १९८९ मध्ये केंद्र सरकारच्या निर्देशाने हवाई सुंदरींना ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राहता येऊ लागले. पण उड्डाणावर ठरावीक वयापर्यंतच. ही मर्यादा अखेर ५० वर आली. त्यानंतर जमिनीवरचे काम. उड्डाण गेले की भत्ते जातात, हे वर आलेच आहे. त्यामुळे पन्नाशीच्या उंबरठ्यावरील महिलांनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये तो फिरवला.

संघटनेच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर हे प्रकरण बारकाईने पाहायला हवे. या खटल्यात महिलांसमोर केवळ कंपनी उभी नव्हती. बहुसंख्य केबिन कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व करणारी एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशनही दुसऱ्या बाजूला होती. पन्नाशीत जमिनीवर येण्याची अट या संघटनेने व्यवस्थापनाशी केलेल्या समझोत्यांत मान्य केली होती. त्यात तरुण हवाई सुंदरींचाही पाठिंबा असल्याचे न्यायालयापुढे आले. ज्यांना पन्नाशी दूर होती त्यांना ही अट सोयीची होती, आणि ज्यांची पन्नाशी जवळ आली होती त्यांनी आपली निराळी संघटना काढली होती. सामूहिक वाटाघाटीतून झालेला समझोता अल्पसंख्य सदस्यांवरही बंधनकारक असतो, हे तत्त्व न्यायालयाने मानले. त्यानंतर काही महिन्यांतच सरकारने निर्देश काढून महिलांना ५८ व्या वर्षापर्यंत उड्डाणाची मुभा दिली. न्यायालयात हरलेली बाजी अशा रीतीने मंत्रालयात जिंकली गेली.

यानंतर आली बढतीची पाळी. विमानातील केबिन कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाचे, म्हणजे ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’चे पद पुरुषांसाठीच राखीव होते. पुरुष पर्यवेक्षकाच्या हाताखाली त्याच्याहून कितीतरी अधिक वर्षे सेवा झालेली महिला काम करी. डिसेंबर २००५ मध्ये एअर इंडियाने हे पद महिलांना खुले केले. तेव्हा १९९७ पूर्वी भरती झालेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनी, हे पद आम्हाला करारानेच दिलेले आहे, असे सांगत त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कंपनीचा निर्णय उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. नर्गेश मीरझा निकालापासून या दिवसापर्यंत तीस वर्षे गेली होती. पहिल्या लढ्यातील कित्येक जणी तोपर्यंत केव्हाच निवृत्त झाल्या होत्या.

यादीतील क्रमांक

सेवाज्येष्ठता हा शब्द सरकारी कचेरीत वापरला जातो तेव्हा त्याचा अर्थ बढती असतो. विमान कंपनीत त्याचा अर्थ त्याहून पुष्कळ व्यापक आहे. सहवैमानिकाला कमांडर होण्याची संधी केव्हा मिळेल, त्याला छोट्या विमानावर ठेवले जाईल की मोठ्या, मुंबईचा बेस मिळेल की दुसऱ्या गावचा, दिवाळीत रजा मिळेल का आणि कर्मचारीकपात झालीच तर आधी कोणाला जावे लागेल, या साऱ्याचे उत्तर ज्येष्ठता यादीतील एका आकड्यात दडलेले असते. मागाहून आलेल्याला आधी काढावे, हे तत्त्व भारतीय औद्योगिक कायद्यातही आहे. ही ज्येष्ठता कंपनी बदलताना सोबत नेता येत नाही, ही यातील मेख. वीस वर्षांच्या अनुभवाचा वैमानिक दुसरीकडे गेला, तर त्याचे तास मोजले जातात, पण यादीतील जागा त्याला शेवटीच मिळते. भारतात नव्या कंपन्यांनी अनुभवी कमांडरना थेट कमांडर म्हणून घेतल्याने ही धार काहीशी बोथट झाली, तरी पूर्ण गेली नाही.

म्हणूनच दोन विमान कंपन्यांचे विलीनीकरण होते तेव्हा विमाने आणि मार्ग एकत्र करणे सोपे ठरते आणि दोन याद्या एकत्र करणे जिकिरीचे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा कागदावर एक कंपनी निर्माण झाली. पण वेतनश्रेणी, भत्ते, बढतीची गती आणि संघटना दोनच राहिल्या. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड. दोघींचाही इतिहास जुना. लांब पल्ल्याची मोठी विमाने चालवणाऱ्यांकडे पैसा आणि प्रतिष्ठा अधिक, तर देशांतर्गत छोट्या विमानांवर कमांडर होण्याची संधी लवकर, अशी साधारण विभागणी होती. एकाला दुसऱ्याचे जे अधिक तेच डोळ्यांत खुपत होते.

पहिला मोठा भडका एप्रिल २०११ मध्ये उडाला. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप पुकारला. उच्च न्यायालयाने कामावर परतण्याचे आदेश देऊनही तो दहा दिवस चालला. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि ती नंतर पूर्ववत करावी लागली. वेतन, श्रेणी आणि ज्येष्ठता यांचा गुंता सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. विलीनीकरण झाल्यावर पाचव्या वर्षी एकत्रीकरणाच्या शिफारशी हाती येतात, यावरूनच २००७ मध्ये या प्रश्नाचा किती विचार झाला होता, याची कल्पना यावी.

दुसरा भडका लगेच मे २०१२ मध्ये. या वेळी पाळी दुसऱ्या गटाची होती. नवे कोरे ‘ड्रीमलायनर’ विमान ताफ्यात येऊ घातले होते आणि त्याच्या प्रशिक्षणात जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही वाटा देण्याचा निर्णय झाला होता. ही विमाने एअर इंडियासाठी मागवली होती, त्यांवर आमचा हक्क, आणि दुसऱ्यांना वाटा दिला तर आमच्या बढत्या आणखी लांबतील, असे गिल्डचे म्हणणे होते. वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या. संप ५८ दिवस चालला, गिल्डची मान्यता गेली, शंभरावर वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वेळापत्रक आखडते घ्यावे लागले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतर ३ जुलै २०१२ रोजी वैमानिक परतले. एका विमानाच्या प्रशिक्षणासाठी जवळजवळ दोन महिन्यांचा संप हे बाहेरून पोरकटपणाचे वाटते. यादीतील जागा दहा क्रमांकांनी खाली गेली की आयुष्यभराच्या कमाईत किती फरक पडतो, हे आकडेमोड करून पाहिल्यावर मात्र त्यामागची भीती समजते. तिचे समर्थन करण्याची गरज नाही.

अमेरिकेतील अनुभव येथे नोंदवण्याजोगा आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या केबिन कर्मचाऱ्यांना यादीच्या तळाशी टाकण्यात आले. पुढे कपात झाली आणि तळाचे सारे घरी गेले. त्यांत तीस-तीस वर्षे सेवा झालेल्या स्त्रिया होत्या. त्यावरील संतापातून २००७ च्या अखेरीस तेथे कायदा झाला. विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ पद्धतीने एकत्र कराव्यात आणि जमले नाही तर लवादाकडे जावे, अशी त्यात तरतूद आहे. त्याच वर्षी आपल्याकडे एअर इंडियाचे विलीनीकरण होत होते, आणि असा कोणताही कायदा नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हाही याद्या एकत्र करण्याची पद्धत कंपनीनेच ठरवायची होती.

नोंदणी आणि मान्यता

संघटना म्हटली की नोंदणी आणि मान्यता हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९२६ च्या कायद्याने संघटनेची नोंदणी होई. त्यामुळे तिला कायदेशीर अस्तित्व मिळे. तिच्याशी बोलायचे की नाही, हे मालकाच्या इच्छेवर राही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा करून किमान ३० टक्के सदस्य असलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवण्याची सोय केली. मुंबईतील गिरण्या-कारखान्यांत वाढलेल्या कामगार चळवळीला हा कायदा परिचयाचा आहे. पण विमान वाहतूक केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते आणि राज्याचा हा कायदा तिला लागू होत नाही. त्यामुळे अंधेरीत राहून सहारहून उडणाऱ्या कर्मचाऱ्याला, शेजारच्या औषध कारखान्यातील कामगाराला मिळणारे हे संरक्षण मिळत नव्हते. त्याचे गाऱ्हाणे केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाई.

खासगी कंपन्यांत याचे परिणाम ठळकपणे दिसले. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने आधी ८०० आणि नंतर आणखी ११०० जणांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. गणवेशातील तरुण मुले-मुली रडवेल्या चेहऱ्याने मुंबईच्या रस्त्यावर आल्याची दृश्ये त्या आठवड्यात साऱ्या देशाने पाहिली. त्यांच्या पाठीशी संघटना नव्हती. त्यांनी राज ठाकरे यांचे घर गाठले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने कंपनीला इशारा दिला, इतर पक्षांनीही आवाज उठवला आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. कर्मचाऱ्यांची नोकरी वाचली, पण ती संघटनेच्या टेबलावर वाचली नाही.

पुढच्याच वर्षी जेटच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापन करून नोंदवली. तिच्यात पुढाकार घेणाऱ्या वैमानिकांना कंपनीने काढून टाकले. सप्टेंबर २००९ मध्ये शेकडो वैमानिक एकाच वेळी ‘आजारी’ पडले आणि पाच दिवस उड्डाणे विस्कळीत झाली. शेवटी काढलेल्यांना परत घेण्यात आले. ‘सामूहिक आजारपण’ हे हत्यार तेव्हापासून या क्षेत्रात रुळले. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तेच उपसले. विलीनीकरणात भेदभाव होत असल्याची त्यांची तक्रार होती. कंपनीने सुमारे २५ जणांना बडतर्फ केले. दोन दिवसांत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि बडतर्फी मागे घेतली गेली. या कर्मचाऱ्यांची संघटना भारतीय मजदूर संघाशी संलग्न होती.

संघटना नसेल तर नाराजी अन्य वाटेने बाहेर पडते. जुलै २०२२ मध्ये एका शनिवारी इंडिगोची निम्म्याहून अधिक उड्डाणे उशिरा सुटली, कारण केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने आजारी रजेवर होते. एअर इंडियाची भरती त्याच सुमारास चालू होती, हा योगायोग कोणी मानला नाही.

नव्या कायद्याने मात्र या वाटेवर अडसर घातला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली किरकोळ रजा हा संपच समजला जातो, आणि संपासाठी १४ दिवस आधी नोटीस देणे बंधनकारक आहे. याच संहितेने दुसऱ्या बाजूने एक गोष्ट दिलीही आहे. ५१ टक्के सदस्य असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. तेवढे बळ कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के सदस्य असलेल्या संघटनांची परिषद बनवावी लागते. केंद्रीय कायद्यात मान्यतेची अशी सोय प्रथमच आली. वेतन संहितेतील तरतूदही विमान कर्मचाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो आणि ग्रॅच्युइटीसारखे लाभ त्यावर मोजावे लागतात. ज्याच्या पगारात भत्त्यांचेच पारडे जड, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

विश्रांतीच्या प्रश्नावर वैमानिकांच्या संघटनांनी वाटाघाटींऐवजी न्यायालयाचा मार्ग धरला. त्या रेट्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या वेळी उतरवायच्या विमानांची संख्या सहावरून दोनवर आणण्यात आली. दुसरा टप्पा नोव्हेंबरात सुरू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरेसे वैमानिक नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळावर जमिनीवर झोपले आणि सरकारला कंपनीसाठी काही नियम तात्पुरते शिथिल करावे लागले. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, एवढी नोंद पुरेशी आहे.

वैमानिक कामगार आहे का?

शेवटी एक प्रश्न उरतो. तो वरवर शब्दच्छलाचा वाटतो, पण प्रत्यक्षात पैशाचा आहे. औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत दरमहा दहा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक बसत नव्हता. नव्या संहितेत ही मर्यादा १८ हजार आहे. विमानाचा कमांडर सहवैमानिकावर आणि केबिन कर्मचाऱ्यांवर हुकूम चालवतो, तेव्हा तो पर्यवेक्षक ठरतो का? कंपन्या होय म्हणत आल्या. विमानातील अंतिम अधिकार हा सुरक्षेचा भाग आहे, तो कोणाला नेमत नाही की काढत नाही, असे वैमानिक म्हणत आले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२५ मध्ये वैमानिकांना कामगार मानले.

जेट एअरवेजच्या माजी कर्मचाऱ्यांच्या संदर्भात या शब्दाची किंमत कळते. कित्येक महिन्यांचे पगार थकवून कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. पुनरुज्जीवनाची योजना पाच वर्षे रखडली. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम द्यावीच लागेल, असा राष्ट्रीय कंपनी कायदा अपील लवादाचा २०२२ मधील आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या परिसमापनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. दिवाळखोरी कायद्यानुसार या वाटपात ‘कामगारां’ची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. जे कामगार नाहीत, केवळ ‘कर्मचारी’ आहेत, त्यांची १२ महिन्यांचीच थकबाकी प्राधान्यात येते, आणि तीही त्यांच्यानंतरच्या रांगेत.